निफाडची थंडी आणि पत्र्याची शेड : सहा नवजात पिल्लांचे तापमान राखण्याचा प्रकरण अभ्यास

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराच्या वस्तीवर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक गावठी कुत्री रात्रीतून व्याली. सातपैकी एक पिल्लू मृत जन्मले. उरलेल्या सहांपैकी चार सकाळी आईच्या पोटाशी होती आणि दोन तिच्यापासून चार-पाच फुटांवर, शेडच्या उघड्या कोब्यावर थंडगार पडलेली सापडली. पुढे दिलेली हकीकत या सहा पिल्लांच्या पहिल्या चार आठवड्यांची आहे. वैद्यकीयदृष्ट्या तिच्यात दुर्मीळ असे काहीच नाही, आणि सविस्तर लिहून ठेवण्याचे कारणही तेच आहे. आपल्याकडच्या मोकाट आणि राखणीच्या कुत्र्या बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात, गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, आणि त्यामुळे पुष्कळशी पिल्ले नेमकी हिवाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन हिवाळ्यात जन्मतात. पशुवैद्यकाला हिवाळ्यात येणाऱ्या फोनपैकी बरेच याच प्रकारचे असतात.

निफाडच्या थंडीबद्दल इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला किमान तापमानाचा आकडा हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि तो पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत खाली गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. घडांना गारठा बाधू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेच्या बांधांवर शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबकने पाणी सोडतात. परंतु या थंडीचा दुसरा अर्धा भाग असा, की त्याच दिवशी दुपारी पारा २७-२८ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर. नवजात पिल्लांच्या निगेविषयी जी माहिती सर्वत्र वाचायला मिळते ती बहुधा बंद, उबदार घरे गृहीत धरून लिहिलेली असते. खोलीचे तापमान एकदा ठरवले की दिवसभर तेच राहते अशी तिची धारणा असते. आपल्याकडच्या शेडमध्ये पहाटे जीव वाचवणारी व्यवस्था दुपारी त्याच पिल्लांना भाजून काढू शकते, आणि या प्रकरणात जवळजवळ तसेच घडले.

पहिली सकाळ

पशुवैद्यक म्हणून मला बोलावणे आले आणि वस्तीवर पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. कुत्रीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली, द्राक्षांच्या प्लास्टिक क्रेटच्या थप्प्यांमागे जागा धरली होती. अंथरूण म्हणून तिच्याखाली थोडा कडबा होता, बाकी सगळा गुळगुळीत सिमेंटचा कोबा. शेड दोन बाजूंनी उघडी असल्याने जमिनीलगत गार वारा वाहत होता. जमिनीवर ठेवलेल्या थर्मामीटरवर ९ अंश दिसत होते. सहा फुटांवर भिंतीला टांगलेल्या दुसऱ्या थर्मामीटरवर १२. पिल्ले भिंतीवर राहत नसल्यामुळे त्यानंतरच्या सर्व नोंदी पिल्लांच्या अंगाच्या उंचीवरच घेतल्या.

नवजात पिल्लू सरळ रेषेत चालत नाही. ते डोके डावी-उजवीकडे हलवत, पोटावर वळसे घेत सरकते आणि नाकाला जिकडे ऊब लागेल तिकडे वळते. कडब्यावर किंवा गोणपाटावर त्याच्या पंज्यांना पकड मिळते. कोब्यावर ते नुसते घसरते, आणि एकदा आईपासून हातभर लांब गेले की परत येण्याइतकी उष्णता त्याच्या अंगात उरत नाही. सापडलेल्या दोघांचेही असेच झाले असावे. त्यांपैकी मादी पिल्लू बहुधा शेवटी जन्मलेले होते, कारण त्याच्या पाठीवरचे केस अजून वारेच्या पाण्याने ओले होते.

घरातल्या डिजिटल थर्मामीटरने त्या मादी पिल्लाचे तापमान दाखवलेच नाही; आकड्याच्या जागी 'एल' आणि 'ओ' अशी दोन अक्षरे उमटली. माणसांसाठीचे बहुतेक डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांच्या खालचा आकडा दाखवत नाहीत, आणि थर्मामीटर बिघडला असे समजून लोक तो बाजूला ठेवून देतात. वास्तविक त्या दोन अक्षरांचा अर्थ पिल्लू मरणाच्या दारात आहे असाच घ्यायला हवा. कमी तापमान मोजू शकणाऱ्या थर्मामीटरने मादी पिल्लाचे गुदद्वारातील तापमान ३१.४ आणि दुसऱ्या, नर पिल्लाचे ३२.८ अंश भरले. आईच्या पोटाशी असलेली चार पिल्ले ३५.१ ते ३६ अंशांच्या दरम्यान होती. पहिल्या आठवड्यात निरोगी पिल्लाचे तापमान साधारण ३५ ते ३७ अंश असते. मोठ्या कुत्र्याचे ३८ ते ३९.२ हा मापदंड त्याला लावून चालत नाही. कुत्री स्वतः ३९.१ अंशांवर होती, जे व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसात चिंतेचे नसते. तिच्या सडांत दूध होते आणि ती पिल्लांना चाटत होती. आईच आजारी असेल तर पिल्लांना कितीही शेकले तरी उपयोग मर्यादित राहतो, म्हणून पहिली तपासणी तिची केली.

नर पिल्लाच्या नाकपुडीवर दुधाचा बुडबुडा होता. त्याच्या छातीला कान लावल्यावर श्वासाबरोबर हलकी घरघर ऐकू येत होती.

"डॉक्टर, गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजलं, पण हे काही चोखतच नाही. निम्मं बाहेरच येतंय," घरच्या वहिनींनी सांगितले.

"वहिनी, आता दूध पूर्ण बंद. आधी अंगात ऊब येऊ द्या, मग त्यांची आईच पाजेल," एवढेच त्या वेळी सांगितले आणि कामाला लागलो. कारणे सांगायला नंतर वेळ होता.

थंड पिल्लाला दूध का देऊ नये

कारणे अशी. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता झपाट्याने निघून जाते. थंडी वाजली की मोठे जनावर कुडकुडते आणि स्नायूंच्या त्या हालचालीतून उष्णता तयार करते; पिल्लाला पहिले सहा-सात दिवस कुडकुडताच येत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसून घेण्याची क्षमताही त्याच्यात अपुरी असते. शरीरात उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी त्याच्याकडे फारच थोडी असते आणि यकृतातील साखरेचा साठा काही तासांत संपतो. थोडक्यात, पहिल्या आठवड्यात पिल्लाची उष्णता बाहेरून येते: आईच्या पोटातून, भावंडांच्या ढिगातून, अंथरुणातून. त्यांपैकी एकही मिळाली नाही तर त्याचे तापमान खोलीच्या तापमानामागे घसरत जाते.

हे घसरणे ३५ अंशांच्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पुढे थांबते. चोखण्याची आणि गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया क्षीण होते. अशा पिल्लाच्या तोंडात घातलेले दूध पोटात गेले तर पचत नाही. ते तसेच पडून आंबते, पोट फुगते आणि फुगलेले पोट श्वासाला अडथळा करते. पोटात गेले नाही तर ते फुप्फुसात जाते. दोन्ही वाटा वाईट. म्हणून पिल्लाचे तापमान किमान ३५ अंश होऊन ते बोट चोखू लागेपर्यंत त्याला दूध न देणे हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, आणि माणसाच्या स्वभावाच्या सर्वांत विरुद्ध जाणाराही हाच आहे. कोणाच्याही अंगणात मरगळलेले पिल्लू सापडले की पहिला हात दुधाच्या भांड्याकडे जातो.

आणखी एक गोष्ट थंडीला जोडलेली आहे. कुत्र्यांमधील हर्पिस विषाणू मोठ्या कुत्र्याच्या शरीरातल्या तापमानात फारसा वाढत नाही, पण त्याहून दोन-तीन अंशांनी गार असलेल्या पिल्लाच्या शरीरात वेगाने वाढतो आणि पहिल्या तीन आठवड्यांत सबंध वेत संपवू शकतो. या कारणाने वस्तीवरच्या दुसऱ्या कुत्र्यांना आणि पिल्ले पाहायला येणाऱ्या मुलांना तीन आठवडे शेडच्या त्या कोपऱ्यापासून दूर ठेवायला सांगितले. मुलांनी ते किती पाळले हा वेगळा प्रश्न आहे.

सावकाश शेकणे

दोन्ही पिल्लांना आधी कोरड्या टॉवेलने चोळून पूर्ण सुकवले. ओल्या केसांतून होणारे बाष्पीभवन थांबवल्याशिवाय शेक देण्यात अर्थ नसतो. त्यानंतर तापमान तासाला साधारण एक अंशाने वाढावे असे उद्दिष्ट ठेवले. घाईने शेकले तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, रक्तदाब पडतो, आणि हृदय व श्वास अजून मंद असतानाच शरीराची प्राणवायूची मागणी वाढते. शिवाय गार त्वचेत रक्त कमी फिरत असल्यामुळे ती लवकर भाजते आणि पिल्लाला दूर सरकण्याची ताकद नसते. वस्तीवर एकाने हेअर ड्रायर काढला होता, एकाने घमेल्यात निखारे आणण्याची तयारी केली होती. दोन्ही थांबवले. निखाऱ्यांचा धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू जमिनीलगत कोंडलेल्या जागेत पिल्लांइतकाच आईलाही घातक ठरतो, आणि आजूबाजूला कडबा असताना विस्तव आणणे हे शेडच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नव्हते.

सर्वांत चांगले साधन घरातल्या आजींच्या रूपाने तिथेच बसलेले होते. त्यांनी मादी पिल्लू मऊ सुती कापडात सैल गुंडाळून, डोके बाहेर ठेवून, स्वेटरच्या आत पोटाशी धरले. माणसाच्या अंगाची ऊब पिल्लाला भाजू शकत नाही, आणि ती गारही पडत नाही. त्याला पालथे ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी कूस बदलायची एवढीच सूचना होती. नर पिल्लासाठी द्राक्षांच्या पॅकिंगचा पुठ्ठ्याचा खोका घेतला, त्यात टॉवेलच्या दोन घड्यांमध्ये कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला कापड लावून पाहावे आणि ऊब सुखाची वाटावी, इतपतच पाणी गरम होते. मधूनमधून ग्लुकोजच्या कोमट पाण्याचा एखादा थेंब बोटाने दोघांच्या हिरड्यांना चोळला, कारण थंडी, साखरेची कमतरता आणि पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टी पिल्लात एकमेकींचा हात धरून येतात.

मादी पिल्लू साडेनऊच्या सुमारास ३२.७, अकराच्या आसपास ३४.२ आणि दुपारी बाराच्या पुढे ३५.३ अंशांवर आले. आधी ते पंजे ताणू लागले, मग बारीक आवाजात कुरकुरले, आणि करंगळी तोंडात घातल्यावर जिभेचा खोलगट पन्हाळा करून चोखू लागले. त्याच क्षणी त्याला आईच्या मागच्या सडांशी लावले, कारण त्यांना दूध सहसा अधिक असते. पहिल्या चिकातील प्रतिकारद्रव्ये आतड्यांतून रक्तात जाण्याची मुभा जन्मानंतर जेमतेम एक दिवस असते आणि तीही तासागणिक कमी होत जाते, त्यामुळे दुपारपर्यंतचा वेळ हा अगदी शेवटचा नसला तरी उशिराचाच होता.

नर पिल्लूही दीडपर्यंत ३५ अंशांवर आले, परंतु त्याचा श्वास जलद आणि घरघरीचाच राहिला. त्याला प्रतिजैविक सुरू केले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. नोंदवहीत मृत्यूचे कारण म्हणून थंडी लिहिता आली असती. मी फुप्फुसात गेलेले दूध असे लिहिले. घरच्यांना दोष देण्याचा त्यात हेतू नाही. पहाटे सहाला उठून त्यांनी जे केले ते मायेनेच केले होते, आणि कोणी आधी सांगितलेले नसेल तर बहुतेक जण तेच करतात.

कोपरा

मधल्या वेळेत शेडच्या आतल्या, भिंतींच्या आडोशाच्या कोपऱ्यात जागा तयार केली होती. खाली सहा क्रेट उलटे मांडून त्यांवर जुन्या दाराची फळी टाकली, म्हणजे कोब्याशी थेट संबंध तुटला. फळीवर वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर घट्ट ताणून बसवलेले गोणपाट, आणि वर सुती चादर. सैल घोंगडी मुद्दाम टाळली. तिच्या घडीत शिरलेले पिल्लू आईला दिसत नाही आणि ती त्याच्यावर बसते. चारही बाजूंना क्रेटच्या भिंती उभ्या करून त्यांना बाहेरून गोण्या गुंडाळल्या, पुढच्या बाजूला आईला सहज ओलांडता येईल पण पिल्लाला येणार नाही इतकीच उंची ठेवली. आतून, फळीपासून चार बोटांवर, कडेने बांबू बांधला, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी मागे अडकलेल्या पिल्लाला जागा उरते. वर अर्ध्या भागावर गोणपाटाचे छत टाकले. या सगळ्याला लागलेले सामान वस्तीवर पडूनच होते.

वारा आणि जमीन यांच्याबद्दल इतके बारकाईने लिहिण्याचे कारण असे, की लोक ऊब म्हटले की लगेच बल्ब आणतात आणि वाऱ्याची फट तशीच राहते. गार जमीन खालून आणि वारा वरून उष्णता ओढून नेत असताना बल्ब लावणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणे आहे.

पिल्लांभोवतीचे तापमान पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश असावे असे साधारणपणे मानले जाते. पण ३२ अंशांत आईचे काय होते हा प्रश्न त्या आकड्यात दडलेला आहे. तिच्या अंगावर हिवाळी केस असतात, दूध उतरत असल्यामुळे तिचे शरीर तापलेलेच असते, आणि सगळी जागा ३२ अंश केली तर ती धापा टाकत उठून जाते. तेव्हा सगळा कोपरा तापवायचा नसून त्याचे एक टोक तापवायचे असते. एका टोकाला ३०-३१ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४-२५ असा उतार मिळाला की पिल्ले आपली जागा आपण शोधतात आणि आई गार बाजूला पसरून त्यांना पाजते.

बल्बची अडचण आली. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, आणि पिवळा तारेचा बल्ब आता किराणा दुकानातून नाहीसाच झाला आहे. शेजारच्या वस्तीवर पोल्ट्री होती. तिथून ब्रूडरचा, म्हणजे कोंबडीच्या पिलांना ऊब देण्याच्या साधनाचा, २०० वॅटचा बल्ब, जाळीचे झाकण आणि साखळी मिळाली. गोणपाट आणि कडब्याच्या सान्निध्यात जाळीशिवाय बल्ब लावू नये, आणि तो वायरीवर न लटकवता साखळीवर टांगावा, हे पोल्ट्रीवाल्यांना सांगावे लागत नाही.

दुसरा दिवस, दुपार

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास घरून फोन आला: कुत्रीने पिल्ले टाकली, ती जवळच जात नाही, आता वरचे दूध चालू करायचे का? वहिनींचा आवाज रडवेला होता.

जाऊन पाहिले तर कुत्री शेडच्या दाराशी उघड्या कोब्यावर चारी पाय पसरून, जीभ बाहेर काढून पडली होती. कोपऱ्यात पिल्ले एकमेकांपासून दूर दूर, पोटावर सपाट, मान लांब करून पडलेली आणि सतत चिरचिरत होती. त्यांच्या पोटाची आणि ओठांची कातडी लालसर दिसत होती. बल्बाखाली चादरीवर ३६.५ अंश, गार म्हणून सोडलेल्या टोकाला ३३. पिल्लांचे तापमान ३८.२ ते ३८.७ अंश भरले, जे मोठ्या कुत्र्यात साधारण असते पण दीड दिवसाच्या पिल्लात जास्तच.

झाले होते ते असे. पहाटे थंडी वाढली म्हणून पोल्ट्रीवाल्या दादांनी बल्ब खाली घेतला होता आणि कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात देतात त्या बेताने, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास, उंची धरली होती. पहाटे साडेसातला ते योग्यही होते. त्यानंतर ऊन चढले, पत्रा तापला, आणि बल्ब तसाच राहिला.

दादा सोबत होते. कोपऱ्यात डोकावताच त्यांनी, मी काही बोलण्याआधीच, म्हटले, "पिलं पांगलीत डॉक्टर, म्हणजे गरम होतंय त्यांना. आमच्या ब्रूडरखाली हेच बघायचं असतं." थर्मामीटर नसेल तर विश्वास ठेवण्यासारखे मोजमाप हेच आहे. पिल्ले एकावर एक ढीग करून, अंग आखडून, रडत असतील तर गार. पांगून, सपाट पडून, अस्वस्थ असतील तर गरम. एकमेकांना टेकून, अधूनमधून झोपेत पाय झटकत शांत असतील तर ठीक. झोपेतले हे झटके पाहून लोक आकडी समजतात आणि घाबरतात; पहिल्या आठवड्यांत ते निरोगीपणाचेच लक्षण असते. उलट, एखादे पिल्लू ढिगापासून वेगळे, मुकाट आणि लुळे पडलेले दिसले तर ते गार पडत असते, आणि रडत नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

बल्ब बंद केला, छताचे गोणपाट काढले, पिल्लांना गार टोकाला सरकवले. त्यांच्यावर पाणी शिंपडले नाही. नुसती उष्णता काढून घेतली. कुत्रीला पाणी आणि भाकरी-दूध दिले. ती भरपूर पाणी प्यायली आणि पाऊण तासाने आपण होऊन आत जाऊन पिल्लांना पाजू लागली. तिने पिल्ले टाकलेली नव्हतीच. ती उकाड्यातून उठून गारव्यात गेली होती, आणि त्याच वेळी कोणी वरचे दूध सुरू केले असते तर सडांतले दूध ओढले न गेल्याने पुढची अडचण खरोखरच उभी राहिली असती.

त्यानंतर वेळापत्रक ठरले. सूर्य मावळल्यावर बल्ब चालू आणि छत वर. सकाळी पत्रा कोमट लागू लागला की बल्ब बंद, छत अर्धे. दुपारी छत काढलेले. साखळीच्या कड्यांना रंगीत चिंधी बांधून रात्रीची उंची ठरवून दिली. कोरड्या हवेत बल्ब लावल्याने पिल्लांची त्वचा सुकते, म्हणून बाहेरच्या बाजूला ओले गोणपाट टांगले. आर्द्रता ५५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान असावी असे म्हणतात. ती तिथपर्यंत नेहमी गेली नाही, पण पिल्लांच्या अंगावर कोरडेपणाही दिसला नाही.

वीज गेलेली रात्र

चौथ्या रात्री दोनच्या सुमारास वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. आजींनी बंब पेटवला. त्यातले पाणी एक-एक लिटरच्या बाटल्यांत भरून, प्रत्येक बाटलीला टॉवेलचे दोन वेढे देऊन, त्या कोपऱ्याच्या एकाच कडेला ठेवल्या, म्हणजे नको असेल त्या पिल्लाला दूर जाता यावे. बाटलीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगून ठेवली होती: गार पडू लागलेली बाटली तत्काळ बाहेर काढायची. पिल्लाच्या अंगापेक्षा गार झालेली बाटली त्याला शेकत नाही, त्याचीच उष्णता ओढून घेते, आणि पिल्लू तिला सवयीने चिकटून राहते. साधारण दोन तासांनी बाटल्या बदलल्या गेल्या.

सकाळी सातला शेडमध्ये ७.५ अंश होते. छताखाली, आई आणि पाच पिल्लांसह, चादरीवर २६ अंश भरले आणि पिल्ले ३५.६ ते ३६.३ अंशांच्या दरम्यान होती. पुस्तकी २९ अंशांपेक्षा जागा गारच होती, तरी पिल्ले सुखरूप होती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा हाच आहे. निरोगी आई पोटाशी असेल, अंथरूण कोरडे असेल आणि वारा अडवलेला असेल, तर विजेच्या उष्णतेची गरज वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी लागते. याउलट आई नसलेल्या पोरक्या पिल्लांसाठी २९ ते ३२ अंशांची मर्यादा काटेकोर पाळावीच लागते. त्यांना या आकड्यावरून सूट देता येणार नाही.

वजने आणि पुढचे आठवडे

तापमानाची व्यवस्था जमली की नाही हे शेवटी वजनकाट्यावर कळते, कारण गार पिल्लू नीट चोखत नाही आणि खाल्लेले उष्णतेतच खर्च करते. दिवाणखान्यात आणलेल्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज संध्याकाळी पाचही पिल्लांचे वजन करून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिले जात होते. हे काम घरातल्या शाळकरी मुलीने घेतले होते. पहिल्या दिवसात थोडी घट चालते, त्यानंतर रोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के वाढ व्हावी आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत वजन दुप्पट व्हावे अशी अपेक्षा असते. थंड पडलेले मादी पिल्लू पहिल्या दिवशी २५० ग्रॅम होते, दुसऱ्या दिवशी २४०, तिसऱ्या दिवशी २५५. अकराव्या दिवशी ते ५०० ग्रॅमच्या पुढे गेले. बाकीची चार त्याच्याही पुढे होती.

पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पिल्ले कुडकुडू लागली, हे वहिनींनी काळजीने कळवले आणि मी आनंदाने ऐकले. दुसऱ्या आठवड्यात उबदार टोक २७ ते २९ अंशांवर आणले, तिसऱ्यात २४ ते २७. प्रत्येक वेळी साखळीची दोन-तीन कडी वर घेण्यापलीकडे काही करावे लागले नाही. बारा-तेरा दिवसांनी डोळे उघडले. तिसऱ्या आठवड्यात अडचण बदलली: पिल्ले जास्त लघवी करू लागली, आई सगळे चाटून पुरी पडेना, आणि भिजलेले गोणपाट पुन्हा गार लागू लागले. दिवसातून दोनदा अंथरूण बदलणे हाच त्यावर उपाय होता.

चौथ्या आठवड्यात पिल्ले पुढची फळी ओलांडून अंगणातल्या उन्हात येऊ लागली आणि त्यांचे तापमान मोठ्या कुत्र्याच्या जवळ पोहोचले. बल्ब आधी फक्त पहाटेपुरता राहिला, मग बंद झाला आणि पोल्ट्रीवर परत गेला. दोन आणि चार आठवड्यांचे जंताचे औषध झाले, पहिली लस सातव्या आठवड्यात दिली. तीन पिल्ले आसपासच्या वस्त्यांवर राखणीला गेली, दोन इथेच राहिली. दूध आटल्यावर कुत्रीची नसबंदी करून घेतली.